बंबसाहेबांच्या कपाळावरची राख

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जायचं, फादरांकडून कपाळावर राखेचा क्रूस काढून घ्यायचा आणि कचेरीच्या आवारात गाडी लावता लावता तो रुमालाने हळूच पुसून टाकायचा, हा बंबसाहेबांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. बंबसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका विमा कंपनीच्या पाचमजली इमारतीत ते अग्निसुरक्षा अधिकारी होते. लाल बादल्यांत वाळू आहे ना, जिन्यात कोणी खोकी रचून ठेवली नाहीत ना, हे बघत दिवसभर हिंडायचे. लोक आधी पाठीमागे बंबसाहेब म्हणत, मग तोंडावरही म्हणू लागले.

यंदा मात्र कॉलेजला निघालेली लेक शेजारच्या सीटवर बसली होती. रुमाल खिशातून बाहेर आलेला तिने पाहिला.

"पप्पा, पुसताय कशाला?"

"अगं, आजच्या शुभवर्तमानातच येशूने सांगितलंय. उपवास करशील तेव्हा तोंड धू."

"त्याच्या आधीचं वाक्य ऐकलंत का? तोंड पाडून हिंडू नका, असंही आहे. तुम्ही तोंड धुताही आणि पाडूनही हिंडता."

खरं कारण बंबसाहेबांना ठाऊक होतं. कोणी विचारलं तर आपल्याला धड सांगता येणार नाही आणि जेवणाच्या सुट्टीत आपलीच टर उडेल, एवढंच भय. हे भय घेऊन पन्नाशी उलटली होती. त्यांनी रुमाल खिशात कोंबला आणि आरशात बघितलं. फादरांचा हात आज सढळ होता. क्रूस असा उमटलाच नव्हता, कपाळभर काळं फासल्यासारखं दिसत होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "आणि तोंडही पाडत नाही. झालं समाधान?"

तोंड पाडायचं नाही म्हणून त्यांनी हसायचं ठरवलं. पण हसण्याची सवय नसलेल्या माणसाने ठरवून हसलं की दातच जास्त दिसतात. अशा दंतुर प्रसन्नतेने ते कचेरीत शिरले.

स्वागतकक्षातली मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. "सर, कपाळाला काय लागलंय?"

"राख," बंबसाहेब हसून म्हणाले. पुढे नीट समजावून सांगणार, तेवढ्यात तिच्या टेबलावरचा फोन वाजला. थांबून तिचा खोळंबा कशाला करा, असं म्हणून ते निघाले आणि उघड्या लिफ्टवरून पुढे जाऊन जिन्याने वर चढू लागले. ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात लिफ्ट वापरायची नाही, असा संकल्प त्यांनी पहाटेच केला होता. मुलीला हे कुठून कळणार? तिला एवढंच दिसलं की आगीच्या साहेबाच्या कपाळाला राख आहे आणि लिफ्ट समोर उघडी असताना साहेब जिन्याने गेला. आग लागली असता लिफ्ट वापरू नये, ही पाटी त्याच साहेबाने तिच्या डोक्यावर लावलेली होती.

चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत बंबसाहेबांना धाप लागली, चेहरा लालबुंद झाला आणि घामाबरोबर राखेचा एक ओघळ नाकापर्यंत आला. समोर हिशेबखात्यातले घड्याळकाका बसले होते. पाचच्या ठोक्याशिवाय हा माणूस खुर्चीवरून उठलेला कोणी पाहिला नव्हता, म्हणून हे नाव.

"काय हो, काय झालं?"

"काही नाही," बंबसाहेब धापा टाकत हसले.

"मग हे काळं कसलं?"

"राख हो. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळतात ना, त्यांची."

"झावळ्या जळल्या? कुठे?"

"आवारातच," चर्चचं आवार डोळ्यासमोर आणून बंबसाहेब म्हणाले. "पण ते झालं कधीच. आता काळजीचं कारण नाही."

काकांनी चहाचा कप पुढे केला. "घ्या घोटभर. बरं वाटेल."

"नको. आज नको." आता आपल्या श्रद्धेबद्दल मोकळेपणाने बोलायची हीच वेळ, असं वाटून बंबसाहेबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आणखी चार दात दाखवले. "काका, आजचा दिवस वेगळा आहे. आपण माती आहोत आणि मातीतच मिळणार आहोत, हे आज प्रत्येकाने लक्षात ठेवायचं."

एवढं बोलून, आपल्याला बोलता आलं या आनंदात ते आपल्या खोलीकडे गेले.

काकांनी खाली स्वागतकक्षात फोन लावला. "बंबसाहेब राखेने माखून आलेत. खाली काही आहे का गं?"

"काका, ते लिफ्टने नाही गेले," पलीकडून बारीक आवाज आला. "जिन्याने गेले."

काकांनी फोन ठेवला. डबा घेतला, छत्री घेतली आणि खुर्चीवरून उठले. बाकी काही करायची गरजच पडली नाही. भर सकाळी घड्याळकाका डबा घेऊन निघालेले बघून शेजारचे उठले, त्यांना बघून पलीकडचे उठले. चौथा मजला उतरताना तिसऱ्याने पाहिला, तिसरा उतरताना दुसऱ्याने. कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारण्यात वेळ कोण घालवणार?

खोलीत बसलेल्या बंबसाहेबांना पावलांचा आवाज आला. त्यांनी दार उघडून पाहिलं, तर मजला ओस पडलेला आणि जिन्यात माणसांची रांग. त्यांना वाटलं, इमारतीत आग लागलीय, सगळ्या जगाला कळलंय आणि अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही. ते तसेच धावले, भिंतीवरच्या पेटीची काच फोडली आणि धोक्याची घंटा दाबली.

मग जे कोणी उरले होते तेही बाहेर आले.

घंटेची तार अग्निशमन केंद्राशी जोडलेली होती, ती बंबसाहेबांनीच मागे लागून जोडून घेतली होती. त्यामुळे बघता बघता खराखुरा बंब आवारात येऊन उभा राहिला. जाडजूड मिशांचा पथकप्रमुख खाली उडी मारून म्हणाला, "आग कुठे आहे?"

सगळ्या कचेरीने हात वर करून बंबसाहेबांच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

बंबसाहेबांच्या ध्यानात सगळा घोटाळा एका क्षणात आला. कचेरीच्या व्यवस्थापक बाई दोन पावलं पुढे आल्या. या बाई आवाज चढवत नसत, म्हणूनच लोक त्यांना भीत.

"हे काय आहे, तुम्ही सांगाल का?"

आता पळायला जागा नव्हती. बंबसाहेब सांगायला लागले. मिस्सा सांगितली, चर्चमध्ये जुन्या झावळ्या जाळून राख करतात ते सांगितलं, लिफ्टचा संकल्प सांगितला. लेक गाडीत काय म्हणाली तेही सांगून टाकलं. गंमत म्हणजे इतकी वर्षं जे धड सांगता येणार नाही असं वाटत होतं, ते आपोआप जिभेवर येत होतं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग काका हसले.

"पण मातीत मिळायचंय हे आठवून तुम्हाला एवढं हसू कसं येतं?" बाईंनी विचारलं. त्या मात्र हसत नव्हत्या.

बंबसाहेबांनी बोटाने नाकावरचा राखेचा ओघळ पुसला. "बाई, सकाळी मी ठरवून हसत होतो, ते खोटंच होतं. पण खरं सांगू? माती ती माती, तिच्यावरही देवाने एवढा जीव लावला. हे कळल्यावर रडावं तरी कसं?"

पथकप्रमुख खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता विनाकारण बंब बोलावल्याबद्दल साहेबांची चंपी होणार. तो जवळ आला, खालच्या आवाजात म्हणाला, "कितीच्या मिस्साला होता?"

"सातच्या."

"मी सहाच्या." आणि त्याने हेल्मेट काढलं. त्याच्या कपाळावर राखेचा सुबक, कोरीव क्रूस होता. "हेल्मेट आहे म्हणून दरवर्षी निभावतं. कोणाला दिसत नाही, कोणी विचारत नाही."

मग प्रमुखाने नियमाप्रमाणे सगळी इमारत तपासली, नियमाप्रमाणे बंबसाहेबांना चार शब्द सुनावले आणि हेल्मेट काखेत मारून तो बंबाकडे निघाला.

लोक आत परतू लागले. बंबसाहेब मात्र पायरीवरच थांबले होते. बंबाच्या टपावर बसलेल्या जवानांपैकी एकाने खाली वाकून प्रमुखाला विचारलं, "साहेब, तुमच्या कपाळाला काय लागलंय?"

प्रमुखाने एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला होता. तो त्याने खाली घेतला, घसा साफ केला आणि बोलायला सुरुवात केली. काय बोलला ते बंबसाहेबांना ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने चालकाने इंजिन बंद केलं, एवढं मात्र त्यांनी पाहिलं.