पडद्यावरच्या उड्या

तुम्हाला म्हणून सांगतो, त्या टाळेबंदीच्या काळात आमच्या अख्ख्या शाळेत एकाच मास्तराचा तास दणक्यात चालायचा, आणि तो मास्तर म्हणजे मी! गणिताच्या सरांच्या तासाला पोरं कॅमेरे बंद करून झोपायची. इतिहासाच्या बाई नुसत्या काळ्या चौकोनांना लढाया शिकवायच्या. आणि माझ्या पी.टी.च्या तासाला? सगळे कॅमेरे चालू, सगळी पोरं उभी, आणि एकजात सगळी उड्या मारतायत!

तेही शिट्टीशिवाय, बरं का! आमची बायको एका कंपनीच्या तक्रार विभागात. तिचं ऑफिस स्वयंपाकघरात, माझं मैदान बाहेरच्या खोलीत, मध्ये फक्त एक पडदा. पहिल्याच दिवशी मी शिट्टी फुंकली आणि तिच्या गिऱ्हाइकाने तिकडे फोनच आपटला. बायको पडद्याबाहेर आली आणि फोनवरच्या त्याच मधाळ आवाजात म्हणाली, "आपली शिट्टी जप्त करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." तेव्हापासून मी कुजबुजत कवायत घ्यायला लागलो. "एक... दोन... गुडघे वर..." माझ्याच घरात मी चोरासारखा!

आमची लेक नववीत, माझ्याच वर्गात. शाळा बंद झाली तसं तिच्या खोलीचं दारही बंद झालं. जेवायला यायची, मान खाली घालून दोन घास खायची, की परत आत. हसणं तर सोडाच.

"अहो, पोरगी कोमेजलीय," बायको म्हणायची. "जरा बोला तिच्याशी."

"बोलायचंय काय त्यात? रोज माझ्या डोळ्यांसमोर उड्या मारते ती! घाम गाळला की मन आपोआप ताजं होतं!"

"अहो, पण ती..."

"गुडघे तेवढे वर येत नाहीत तिचे. ते बघतो मी."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. रोज तोच निळा टी-शर्ट! शेवटी एकदा मी दाराबाहेरून ओरडलो, "चिऊ, तो टी-शर्ट धुवायला टाक गं! किती दिवस घालशील?" बायको म्हणाली, "कुठला, निळा? तो तर कधीचा धुऊन कपाटात पडलाय." मी म्हटलं, "तुझं लक्षच नसतं घरात!"

होता होता माझी कीर्ती मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांपर्यंत पोचली. त्यांचा फोन आला. "सर, पालक काळजीत आहेत हो. मुलं चिडतात, रडतात, खोलीतून बाहेर येत नाहीत. तुमच्या तासाला मात्र सगळी कशी आनंदात! पालकांना बोलावून एक प्रात्यक्षिकच ठेवूया. विषय, व्यायाम आणि मुलांचं मन. तुम्हीच बोलायचं!"

झालं! मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. आरशासमोर भाषण पाठ केलं, इस्त्रीचा ट्रॅकसूट चढवला. ठरल्या दिवशी लॅपटॉपवर एकीकडे उड्या मारणारी पोरं, दुसरीकडे त्याच घरांतल्या दुसऱ्या खोल्यांमधून बघणारे पालक, आणि मध्ये मोठ्या बाई, हातात चहाचा कप, माना डोलावतायत.

"पालकहो!" मी कुजबुजत गर्जना केली. "पोरांच्या मनाची काळजी सोडा! ती माझ्यावर सोपवा! माझीच मुलगी बघा, कशी उडतेय! या मुलीला दुःख म्हणजे काय हे ठाऊकच नाही!"

तेवढ्यात लॅपटॉप कुंई कुंई करायला लागला. चार्जिंग संपत आलेलं! आणि चार्जर लेकीच्या खोलीत. भाषण थांबवायचं? छे! लॅपटॉप दोन्ही हातांत धरला आणि बोलत बोलतच दार ढकललं.

लेक पलंगावर आडवी! पांघरूण हनुवटीपर्यंत, डोळे छताकडे. आणि टेबलावरच्या तिच्या फोनमध्ये लेक उभी, निळ्या टी-शर्टात, उड्या मारतेय! मी पलंगाकडे बघितलं. फोनकडे बघितलं. परत पलंगाकडे बघितलं. आणि मग लक्षात आलं की हातातला लॅपटॉपही माझ्याबरोबर इकडे तिकडे बघतोय, म्हणजे सगळे पालकही बघतायत!

"एक मिनिट हं, सर," एक पालक म्हणाले आणि उठले. मग दुसरे उठले. बघता बघता पालकांचे चौकोन रिकामे! आमचा लंबू, म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच पोरगा, त्याच्या चौकोनात मजेत उड्या मारत होता. त्या उड्यांच्या मधूनच त्याच्या आईचा हात आला, आणि कानाला धरून दुसराच लंबू वर आला, विस्कटलेला, उशीला मिठी मारलेला!

"सर, मला नका बोलू!" लंबू केकाटला. "आयडिया तुमच्या चिऊची आहे!"

आता मात्र माझा आवाज फुटला. "हे काय आहे?"

"व्हिडिओ," लेक न उठताच म्हणाली. "एकदा उड्या मारून घेतल्या. तेच रोज कॅमेऱ्यात बॅकग्राउंडला लावते. मग सगळ्यांना करून दिलं."

"अगं, पण का?"

"उठवत नाही, बाबा." आणि तिला रडूच फुटलं. "सकाळी उठवतच नाही. कशासाठी उठायचं तेच कळत नाही. कोणी भेटत नाही, काही नाही. सगळ्यांचं तसंच झालंय. आणि तुम्ही आपलं रोज, गुडघे वर, गुडघे वर!"

माझ्याकडे धावायला हुकूम आहे, थांबायला हुकूम आहे, याला कुठला द्यायचा? "मलाही मैदानाशिवाय करमत नाही गं," मी म्हटलं. "म्हणून तर ओरडत असतो." आणि तिला जवळ घ्यायला वाकलो.

कट्‌! पाठीतून आवाज आला. पुढच्या क्षणी मी जमिनीवर उताणा, पोटावर लॅपटॉप! "आई गं!"

पडद्याआडून बायको धावत आली. कानाला फोन तसाच. घाईघाईत मलाच म्हणाली, "नमस्कार, आपली काय तक्रार आहे?"

लेक पांघरूण फेकून उठली. ती मला डावीकडून ओढतेय, बायको उजवीकडून, आणि मी जागचा हलत नाही! लॅपटॉपमधून पोरं ओरडायला लागली, खरीखुरी, पलंगावर उभी राहून. "सर, कुशीवर वळा!" "सर, श्वास घ्या!" आणि लंबू म्हणतोय, "सर, गुडघे वर! गुडघे!"

आणि लेक हसली. आधी खुदकन, मग पोट धरून, मला अर्धवट उचललेला तसाच सोडून! पाठीतून कळ गेली, पण इतकं बरं वाटलं मला की काय सांगू.

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला. "यापुढे पी.टी.च्या प्रत्येक तासाला मी जातीने हजर राहणार! कॅमेऱ्यासमोर!"

डॉक्टरांनी फोनवरूनच बजावलं, पडून राहा. मग तास कोण घेणार? लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या उड्यांचा व्हिडिओ आहे माझ्याकडे." तेव्हापासून मीही पडद्यावर! मोठ्या बाई शब्दाला पक्क्या. रोज हजर, हातात कप, माना डोलावतायत. पोरं तेवढ्या वेळात फोनवर एकमेकांशी बोलून घेतात, कोण रडलं, कोण चिडलं, कोणाला आज बरं वाटतंय. आणि बोलून झालं की आपापल्या गच्चीत, गॅलरीत जाऊन उड्या मारतात. खऱ्या! कोणी सांगितलेलं नसताना! आमची तर घामाघूम होऊन खाली येते.

परवा मी तिला सहज म्हटलं, "काय गं, मोठ्या बाईंचा चहा कधी संपतच कसा नाही?"

लेक गालातल्या गालात हसली. "त्यांनाही सकाळी उठवत नव्हतं. मला फोन केला होता. म्हणाल्या, सरांना बोलू नकोस."

घ्या! म्हणजे रोज सकाळी माझा व्हिडिओ उड्या मारतो आणि त्यांचा व्हिडिओ त्याला माना डोलावतो!

आणि माझी पाठ? ती केव्हाच बरी झाली हो! पण गच्चीवरून आली की लेक पलंगाच्या कडेला टेकते आणि विचारते, "बाबा, आज कसं वाटतंय?" मी म्हणतो, "दुखतंय जरा. तुझं काय?" मग ती तिचं सांगत बसते, अगदी सगळं. तेव्हा आपली पाठ अजून दुखतेय!

काल मात्र पलंगाखाली वाकून चप्पल शोधताना बायकोने मला पकडलं. मी तसाच वाकलेला! तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लेकीच्या उघड्या दाराकडे बघितलं, आणि मधाळ आवाजात म्हणाली, "आपली तक्रार आणखी काही दिवस चालू ठेवण्यात येत आहे. शिट्टी मात्र परत मिळणार नाही."