जनरेटरच्या मापाची साद्यंत हकीकत

हकीकत लिहिणाराने पदरचे घालू नये आणि डोळ्यांदेखत घडले ते गाळू नये, ऐसा आमचा शिरस्ता. सबब जैसे जाहले तैसे लिहितो, कोणास झोंबल्यास नाइलाज आहे.

घरचे धनी गणिताचे मास्तर, बेरजेचे मोठे अभिमानी. त्यांचे तीर्थरूप बाबा छातीने अधू, ऑक्सिजनच्या मशीनवर दिवस काढीत. वीज रोज दुपारी दगा देई, मग मशीन बंद पडे आणि लहान सिलिंडर लावीपर्यंत बाबा खिडकीचे गज धरोन धापा टाकीत. हे पाहोन मास्तरांचे काळीज हलले आणि त्यांनी जनरेटर आणावयाची मसलत मुक्रर केली.

मग दिवाणखान्यात सदर भरली आणि ज्याचे जे यंत्र त्याने यादीत दाखल करावे, ऐसे फर्मान सुटले. बाईसाहेबांनी फ्रिज, मिक्सर, इस्त्री आणि वॉशिंग मशीन ऐसा सरंजाम मांडिला. मेहुणे, जे चार दिवसांस म्हणोन येवोन आठ महिने मुक्कामी होते, त्यांनी एसीचा हट्ट धरिला. कन्येने केसांचा ड्रायर पुढे केला. मग खुद्द मास्तरांनी पाण्याची मोटर घातली, आणि मोटर सुरू होतेवेळी तिप्पट वीज खाते ऐसे कोठेसे वाचिल्यावरून सर्वच कलमे तिपटीने धरिली, इस्त्रीसुद्धा. तारा ओढावयास बोलाविलेला वायरमन हळूच म्हणाला, "साहेब, हे सगळं एकदम कोण लावणार?" त्यास बेरजेत दखल न देण्याची ताकीद जाहली.

ऐसे करोन पंचवीस किलोवॉटांचे धूड ट्रकातून आले. फाटकातून शिरेना, तेव्हा फाटकाचा एक खांब धारातीर्थी पडला, आणि धूड अंगणात बसले ते पुढले दारच अडवोन बसले. वायरमनने यादीबरहुकूम तारा ओढिल्या. दुसरे दिवशी दुपारी वीज गेली आणि मास्तरांनी खटका दाबिला. मग एकच गर्जना जाहली, फडताळातील कपबशा चालू लागल्या, मिक्सर, ड्रायर, एसी सारे एकदम घुमू लागले, आणि मेहुण्यांनी टाळ्या पिटिल्या.

इतक्यात आतल्या खोलीच्या दाराशी बाबा भिंत धरीत आले, हाती मशीनचा प्लग, आणि धापा टाकीत म्हणाले, "अरे, माझं हे कुठे लावू?"

मास्तरांनी यादी दोनदा वाचिली. सात कलमे होती, बेरीज बिनचूक होती, आणि ज्यासाठी मोहीम मांडिली ते मशीन यादीत नव्हते. मास्तरांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. मग त्यांनी स्वहस्ते इस्त्रीचा प्लग उपटिला, मशीन ओढीत आणोन तेथे जोडिले, आणि मेहुण्यांस उठवोन त्यांच्या खुर्चीत दम बसेतोवर बाबांस बसविले.

संध्याकाळी वायरमनास मानाने बोलावोन नवी यादी मांडिली. एकदम चालणारे तेवढेच मोजावे. जादा वीज मोटरीपुरतीच धरावी. पाणी चढताना फ्रिजने थांबावे. एसी आणि इस्त्री यांनी वीज येईतो स्वस्थ बसावे, मेहुण्यांनीही बसावे. मग धूड परत गेले, आणि दोघांनी उचलावा ऐसा तीन किलोवॉटांचा जनरेटर परसात, धूर खिडकीत न शिरे इतका दूर ठेविला. पुढले दुपारी वीज गेली, खटका दाबिला, आणि बाबा खिडकीपाशी न जाता पेपर वाचीत बसले, ही फत्ते येथे नमूद केली.

नवी यादी दारामागे चिकटविली आहे. पहिले कलम मास्तरांच्या स्वदस्तुरचे: बाबा. पुढे मशीन हा शब्द लिहावयाचा राहिला, तो अद्याप कोणी लिहिला नाही.