मधुकरराव आणि बाहेर पडायचं बटण

मधुकररावांकडे पहिल्यांदा गेलात, तर ते दार उघडत नाहीत. घरात असतात, खिडकीत उभे राहून तुमच्याकडे टक लावून बघतही असतात. पण उघडत नाहीत. मी शेजारधर्म म्हणून बिरड्याची वाटी घेऊन गेलो, तर आतून हुकूम आला, "थांबा, काही बोलू नका! हात आधी कुठे गेला?"

माझा हात कडीवर गेला होता. दार बाजूला सरकवायचं होतं. पुढच्या आठवड्यात पाहतो, तर कडीच काढलेली! मला म्हणाले, "तुम्ही चुकला नाहीत हो. दारानं तुम्हाला चुकवलं."

हे वेड नव्हे, धंदा आहे. जव्हारात घरी बसून ते ठाण्याच्या एका कंपनीसाठी स्क्रीन आखतात. गोदाम असो की दवाखाना, काम करणाऱ्याला आता काय दाबायचं आणि मग काय, हे कुणाला न विचारता कळलं पाहिजे. त्यासाठी बाजारात भाजीवालीपुढेही फोन धरतात. "मावशी, आता बोट कुठे नेशील?"

"आधी कोथिंबीर घे," मावशी म्हणते, "मग बोट."

गेल्या वर्षी त्यांची स्क्रीन मोखाड्याच्या एका केंद्रात लागली. तिथे बायका नाचणीचं पीठ पाकिटांत भरतात. टॅब एकच. प्रत्येकीनं आपलं नाव उघडायचं, पाकिटं नोंदवायची, नाव बंद करायचं, मग पुढची. हे सांभाळायला जनीताई, आपली पाकिटं भरून वर हे काम. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात वाकलेली बाई पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती.

आणि घोटाळा झाला. सोमीची पाकिटं जनीताईच्या नावावर, जनीताईची तिसरीच्याच! व्यवस्थापक कडाडले, "बायांना जमायचं नाही. बाहेरचा माणूस आणतो. जनी, तू नुसती पाकिटं भर."

मधुकररावांनी जीप पकडली, व्यवस्थापकांकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि कोपऱ्यात मांडी ठोकून नुसती बोटं बघत बसले. संध्याकाळी उलगडा झाला. सगळी नोंद झाली की जनीताईचं बोट नाव बंद करायच्या तांबड्या बटणापर्यंत जाई आणि मागे येई. मग टॅब हळूच पालथा ठेवून ती निघे, नाव तसंच उघडं. बाकीच्यांचंही तेच.

"ताई, बोट मागे का आलं?"

जनीताईनं पदर खोचला. "दिसभर राबलो दादा, आन् शेवटाला हा काय सांगतो? 'बाहेर पडा!' आमी काय चोरी केली का? नाय दाबणार जा!"

"माझी सासू बी असाच बोलते," मागून सोमी म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

मधुकररावांनी उडीच मारली. तिथूनच कंपनीला फोन. "साहेब, आमच्याकडे निघताना 'येऊ का' म्हणतात. नुसतं 'जातो' म्हटलं तरी घरची म्हातारी चप्पल घेऊन मागे लागते! नियम? नियम ठाण्यात ठेवा हो!"

बटण बदललं. आता त्यावर होतं, 'येऊ का?' दाबलं की स्क्रीन उत्तर देई, 'या.' जनीताईनं दाबलं, पदर तोंडाला लावून हसली, मुद्दाम नाव उघडून पुन्हा दाबलं. त्यानंतर एकीचंही नाव उघडं राहिलं नाही. बाहेरच्या माणसाचा विषय व्यवस्थापकांनी परत काढला नाही, आणि खुर्चीवर जनीताईच राहिली.

परवा संध्याकाळी मी मधुकररावांकडे चहाला बसलो होतो. त्यांच्या फोनवर बारीकसं टिंग वाजलं. फोनकडे वळून ते चांगलं मोठ्यानं म्हणाले, "या हं, सावकाश." पुन्हा टिंग. "या, या."

मोखाड्यात कुणी ते बटण दाबलं की इकडे कळावं, म्हणून तपासणीपुरती त्यांनी ही घंटी लावली होती. ते काम तर केव्हाच संपलं होतं.

"मधुकरराव, हे अजून चालू?"

"तपासणी," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "जनीताई राहिलीय."

वहिनी गेल्यापासून या घरातून संध्याकाळी कुणी निघत नाही. सकाळपासून कुणी आलेलंच नसतं.

बऱ्याच वेळानं टिंग वाजलं. "या," ते हळूच म्हणाले, आणि मग उठून त्यांनी दिवा लावला.

मी निघायच्या बेतात होतो. चप्पल पायात सरकवलीही होती. ती काढली आणि म्हटलं, "मधुकरराव, अर्धा कप अजून टाका."