एका भिंतीचं घर

पोपडे उडालेली इमारत दिसली की लच्चूभाऊ मडावी फाटकाशी थांबतात, डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतात आणि चौकीदाराला हळूच विचारतात, "कोण गेलं जी?"

चौकीदार घाबरतो. कोणीच गेलेलं नसतं. बिल्डरने हलका रंग वापरलेला असतो, एवढंच.

लच्चूभाऊ जिवतीच्या डोंगरावरचे. त्यांच्या गावात दिवाळीआधी बाया घराची पुढची भिंत पांढऱ्या मातीने पोतारतात आणि खाली गेरूचा पट्टा ओढतात. ज्या घरी मयत झाली, तिथली भिंत त्या वर्षी तशीच राहते. काही सांगावं लागत नाही. भिंत पाहून जाणारा-येणारा दोन मिनिटं ओसरीवर टेकून जातो.

तीन वर्षांपूर्वी मुलाने त्यांना गडचांदूरला, आमच्या बिल्डिंगमध्ये आणलं. इथे सिमेंटची धूळ. नवा रंगही चार महिन्यांत राखाडी होतो. ऑटोतून उतरल्यावर त्यांनी सगळा रस्ता न्याहाळला आणि मुलाला म्हणाले, "एवढ्या घरी एकाच सालात?"

आता त्यांना सगळं समजलं आहे, पण सवय गेली नाही. सकाळी चहा झाला की ते रस्त्यापलीकडे उभे राहून इमारतींची तोंडं पाहतात. कोपऱ्यावरची गुलाबी इमारत त्यांना पसंत नाही. "नवरी होऊन बसली, पण नवरदेव कुठी हाय?" काचांच्या नव्या इमारतीबद्दल म्हणतात, "यानं काळा चष्मा लावला. डोळे नाई दाखवत, त्याच्यावर भरोसा कसा करा?" मी शाळेत शिकवतो आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., म्हणून सोसायटीने मला सचिव केलं. त्याचा मला आनंदच आहे. लच्चूभाऊ मला मास्तर म्हणतात आणि इमारतींबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडेच आणतात.

यंदा पोळ्याच्या आठवड्यात तळमजल्यावरच्या शकूरभाई टेलरची बायको हमीदाबी वारली. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. मी दहा मिनिटं जाऊन आलो आणि शाळेत गेलो. तिसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर रंगाचं शेडकार्ड आलं.

घाई वैरागडेबाईंना होती. त्या आमच्या अध्यक्ष. भाऊबीजेनंतर त्यांच्या पल्लवीला पाहायला चंद्रपूरचे पाहुणे येणार होते. पार्किंगमध्ये सभा भरली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाहुणे पयले बिल्डिंग पाह्यतात, मंग पोरगी. अशी कळकट पाहून खालूनच वापस जातीन."

मोतिया की कॉफी, यावर अर्धा तास गेला. मग लच्चूभाऊ उठले. "या साली रंग नाई लावायचा."

"काऊन जी?" बाईंनी विचारलं.

"घरी मयत झाली ना. हमीदाबाई गेली."

"ते तर शकूरभाईच्या घरी," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले.

"भिंत एकच हाय ना, बाप्पा? मंग घरं सोळा कशी झाली?"

शकूरभाई सगळ्यात मागे बसले होते. ते संकोचून म्हणाले, "लावू द्या ना, लच्चूभाऊ. आमच्यात असं काई नसते. माह्यासाठी लोकाचं काम काऊन अडवता?"

"तुमच्यासाठी नाई म्हणून राह्यलो, शकूरभाई. माह्यासाठी म्हणून राह्यलो." लच्चूभाऊंनी दुपट्ट्याचं टोक मुठीत धरलं होतं. "गावात मी मेलो तर सारं गाव थांबते, हे मले मालूम हाय. इथी मेलो तर? पोरगं ड्युटीवर राह्यते. कोण थांबन? एक डाव तुमी थांबून दाखवा. मंग मले घोर नाई."

माझ्या हातात सभेचं रजिस्टर होतं. एवढी वर्षं मी लोकांचे अर्ज लिहीत आलो, पण हे कोणत्या शब्दांत नोंदवावं ते मला सुचेना. वैरागडेबाईंनी हातातलं छापील शेडकार्ड एकदा पाहिलं. मग त्यांनी ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"लिहा सर," त्या मला म्हणाल्या, "रंग पुढच्या साली."

दिवाळीला सगळा रस्ता चकाकत होता. आमचीच बिल्डिंग धुळीत उभी होती. खरं सांगतो, मलाही लाज वाटली.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. मुलाच्या मामांनी फाटकातूनच वर पाहिलं, आमच्या भिंतीवरच्या ओघळांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "दिवाळीले रंग नाई लावला वाटते, बाई?"

वैरागडेबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा बाजूला उभ्या असलेल्या लच्चूभाऊंकडे. मग पदर सावरून म्हणाल्या, "नाई लावला. आमच्या घरी मयत झाली जी, यंदा."

मामांनी चटकन मान खाली घातली. लच्चूभाऊ पुढे झाले, मामांच्या हातातली पिशवी घेतली आणि घरातल्या वडीलधाऱ्यासारखे सगळ्यांच्या पुढे जिना चढू लागले.