हुरळीवाडीच्या झिऱ्याची मोहीम

श्री ग्रामदेवता महालक्ष्मी समर्थ. मौजे हुरळीवाडी, उचगावाहून दीड कोस, तेथील कुलकर्णी दत्तोपंत यांस राजमान्य राजश्री मारुतीराव पाटील यांची आज्ञा जाहली की, शके अठराशे सत्तेचाळीस, क्रोधन संवत्सरी, चैत्रमासी आम्ही पाण्यावर जी स्वारी केली तिची हकीकत पुढील पिढ्यांस बोध व्हावा ऐसी लिहिणे, आणि आमचे नाव जागोजाग घालणे. आज्ञा शिरसावंद्य. नाव घातले आहे. हकीकत मात्र जैसी घडली तैसी लिहिली, त्यास आमचा इलाज नाही.

ते समयी गावविहिरीने तळ दाखविला आणि माणसांपुरतेच पाणी राहिले, मग पाटलांनी फर्माविले की गुरांस विहिरीवर मनाई, गुरांनी मार्कंडेय नदीवर जावे. नदी दोन कोस. गुरांचा अभिप्राय कोणी घेतला नाही. खुद्द पाटलांची खिलारी बैलजोडीही जिभा बाहेर काढून जाऊ-येऊ लागली. परंतु नागुबाई म्हणोन एक विधवा, तिची समस्त दौलत म्हणजे एक म्हैस, नाव मैना, गाभण, दहावा महिना लागलेला, तीस दोन कोस कैसे चालवावे? नागुबाई आपल्या घागरीतले पाणी तीस पाजी आणि आपण ओठ ओले करून राही. ऐसे किती दिवस चालणार! शेवटी संकेश्वरच्या हेड्यास, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्यास, निरोप गेला की वद्य दशमीस येऊन म्हैस घेऊन जाणे. निरोप धाडून नागुबाई गोठ्यात हमसाहमशी रडली.

रयतेची हाकाटी वाढली, मग पाटलांनी मसलत करून भरमा पाणाड्या, जो जमिनीखालचे पाणी सांगे, त्यास परगावाहून आणविले. भरमाने तळहातावर नारळ आडवा धरिला आणि ओढ्याचा काठ चालू लागला, आणि त्याचे मागे पाटील, आणि पाटलांचे मागे छत्री धरणारा, आणि त्याचे मागे सर्व गाव. उंबराजवळ नारळ ताडकन उभा राहिला. भरमाने सांगितले की सात हातांवर पाणी आहे आणि त्याखाली शाडूचा थर. तो थर म्हणजे पाण्याचे भांडे, त्यास पहार लावाल तर सर्व गळून जाईल. पाटलांनी मान हलविली. पाटलांचे मान हलविणे निराळे आणि ऐकणे निराळे, हे भरमास ठाऊक नव्हते.

मग मुहूर्त पाहून पंधरा जवान कुदळी, पहारी आणि टोपल्या ऐशा सरंजामानिशी मोर्च्यास भिडले. खासे पाटील छत्रीखाली बसोन सुपारी कातरीत लढत होते. तिसरे दिवशी सातव्या हातावर पाणी लागले आणि दुसऱ्या सकाळी गुडघाभर साचले. गावाने साखर वाटली. इतक्यावर थांबते तर आम्हांस दौत उघडण्याचे कारण न पडते. परंतु उचगावचे व्याही, ज्यांची विहीर चाळीस हात, बांधीव, पायऱ्यांची, ते पाहावयास आले आणि आत डोकावून इतकेच वदले :

"पाव्हणं, खड्डा ब्येस काढलासा!"

खड्डा! झाले, पाटलांची मर्जी खप्पा जाहली. हुकूम सुटला की चाळीस हात गेल्यावाचून कोणी वर येऊ नये, पाताळ लागले तरी बेहत्तर. भरमा आडवा पडून "आण्णा, शाडू फोडू नगासा, लई वंगाळ हुईल" म्हणाला, त्यास दंडास धरून बाजूस केले. मग पहारीचा चौथा घाव पडला आणि तळाशी मोठा घोट घेतल्यासारखा आवाज जाहला, आणि डोळ्यांदेखत गुडघ्याचे पाणी घोट्यास आले, आणि मग चिखल राहिला, आणि मग चिखलही वाळला. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे ते हेच. पाटलांनी रीतसर चौकशी मांडून दोष शाबीत केला की, भरमाचा नारळ नासका होता.

ती तिथी नवमी. हेडी दुसरे दिवशी येणार. नागुबाईने खोरे उचलिले आणि ओढ्यावर जाऊन, उंबराखाली तोंड पाडून बसलेल्या भरमास विचारले की दुसरे ठिकाण आहे काय. भरमाने नारळ काढिला नाही, नुसते बोट दाखविले : पलीकडचा काठ, जमीन सखल, चार हातांतच ओल, आणि तेथले शाडूचे भांडे निराळे. मग दोघांनी मिळून खणावयास घेतले, आणि आळीतल्या बाया टोपल्या घेऊन धावल्या. दिवस मावळता झिरा पाझरू लागला आणि दशमीस उजाडता मांडीइतके पाणी जाहले.

हे वर्तमान कळताच पाटील लष्करासह चालोन आले, की येथे तरी चाळीस हात जाऊ. नागुबाई खोऱ्यानिशी झिऱ्यात उतरली आणि पाण्यात पाय रोवून उभी राहिली. समजूत घालण्यास वकील धाडिला, तो फेट्यास चिखल घेऊन परतला. मग पाटील जातीने काठावर आले.

"नागू, वर ये. हितं माझ्या नावाची हीर हुनार हाय."

"आण्णा, म्हस पाणी पिती. तुमचं नाव न्हाय पीत."

लष्करात कोणी फिस्सकन हसले. इतक्यात पाटलांची बैलजोडी, जी नदीवर निघाली होती, तिने पाण्याचा वास घेतला आणि गड्यास फरफटवीत झिऱ्यावर येऊन माना खाली घातल्या. पाटलांनी बैलांकडे पाहिले. बैल पाण्याकडे पाहत होते. तेव्हा तह जाहला की शाडूस कोणी पहार लावू नये, जितके पाझरेल तितकेच काढावे आणि झिऱ्यास भरावयास अवकाश द्यावा, आणि गाभण जनावर आधी, मग येईल त्या क्रमाने, हुद्दा पाहू नये.

हेडी दावे घेऊन आला, त्यास नागुबाईने रित्या हाती वाटेस लाविले. मैनेस थांबत थांबत आणिले. येणेप्रमाणे चैत्र वद्य दशमीस, दीड प्रहर दिवस चढता, मैना म्हैस दोन घमेली पाणी प्याली आणि तिसऱ्यात तोंड बुडवून तशीच उभी राहिली, आणि नागुबाई तिच्या गळ्यास मिठी घालोन सर्वांदेखत रडली. मोहीम फत्ते जाहली. मारुतीराव पाटील ते समयी आपल्या बैलांचा कासरा धरून रांगेत चौथे उभे होते.