निळोपंत वाकनीस यांनी रेघ पाडिली त्याची हकीकत

श्री गजाननाचे, मग शारदेचे आणि मग पट्टी-पेन्सिलीचे स्मरण करून, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहितो.

या राज्यात अठरा पिढ्या कोणतीही गोष्ट खाली आली नाही. खजिना चढता, धान्य चढते, प्रजा चढती, किंबहुना नदीचे पाणीही भर वैशाखात चढतेच असे दफ्तरी नमूद आहे. याचे कारण इतकेच की, 'उतरले' लिहिण्याची दफ्तरास चाल नव्हती. पूर्वी एका कारकुनाने 'धान्य उतरले' लिहिले, त्याची बदली हत्तीखान्यात शेणाकडे जाहली आणि तेथे मात्र त्यास वाढच वाढ दिसली. मग दफ्तर सांभाळणाऱ्या वाकनीस घराण्याने युक्ती काढिली की, आलेखातील रेघ उतरती दिसली की ती फारसी लिपीसारखी उजवीकडून डावीकडे वाचावी, म्हणजे आपोआप चढते. याच वाचनाने प्रजाही चढती होती. एरवी निम्मे राज्य इंग्रजीची परीक्षा देऊन समुद्रापार गेले होते.

ऐशा घराण्यात निळोपंत जन्मले आणि हाच धंदा करू लागले. त्यांचे कुटुंब सुलक्षणाबाई, कामाने नर्स, यांनी ती परीक्षा पहिल्याच हल्ल्यात सर केली आणि समुद्रापारच्या इस्पितळात रुजू जाहल्या, आणि पंतांनी मागोमाग यावे ऐसा बेत ठरला. परंतु तिकडील सरकारचा सक्त हुकूम की, इंग्रजी लेखनात सहा गुण पडल्यावाचून नवऱ्यानेही किनाऱ्यास पाय लावू नये. मग पंत मोहिमेस निघाले आणि परीक्षेत रेघांचे चित्र समोर आले: परमुलखातील लोक कोंबडी किती खातात आणि मासळी किती खातात, ते दीडशे शब्दांत वर्णावे. कोंबडीची रेघ चढत होती, ती पंतांनी नगारे वाजवीत चढविली. मासळीची उतरत होती, तेथे पंतांनी सवयीने उजवे टोक धरिले, परंतु कोंबडी डावीकडून आणि मासळी उजवीकडून येता दोघींची वाटेत टक्कर जाहली, तेव्हा घाबरून लिहिले की, मासळीची स्वारी थोर मनाची, तिने कोंबडीस पुढे जाऊ दिले आणि आपण पायथ्याशी विश्रांतीस राहिली. चार गुण पडले.

मग पंत या परीक्षेची तयारी करविणाऱ्या टिल्लू मास्तरांच्या क्लासात दाखल जाहले. राज्यात क्लास तो एकच. मास्तरांनी फळ्यावर उतरती रेघ ओढिली आणि पुसिले, "पंत, ही कुठे चालली?" पंत फळ्याच्या उजव्या अंगास जाऊन उभे राहिले आणि बोलिले, "वर." "अहो, इकडून बघा, डावीकडून!" "इकडून बघायची आमच्यात चाल नाही." मास्तर तापले. "मासळी काय तुमच्या महाराजांची मावशी लागते?" "मास्तर, दरबारात कोण कोणाची मावशी निघेल, सांगता येत नाही." मास्तरांनी कपाळास हात लाविला, त्यास खडू लागला, आणि तो दिवसभर तैसाच राहिला.

रविवारी सुलक्षणाबाई व्हिडिओ कॉलवर प्रकट जाहल्या. म्हणाल्या, "अहो, एवढं 'पडली' लिहायला काय जातं तुमचं? मी रोज लिहिते, पेशंटचा ताप उतरला. मला कुणी हत्तीखान्यात धाडलं नाही." पंत म्हणाले, "अगं, तिकडे हत्ती नाहीत." "हत्ती राहू द्या. या खेपेस सहा नाही पडले, तर मी इतकी चांगली नोकरी सोडून परत येते. एकटीनं किती दिवस ब्रेडला चटणी लावून खायची? आणि आले ना, की तुमच्या दफ्तरातला एकेक आलेख डावीकडून वाचीन. महाराजांसमोर!" हे ऐकता पंतांचे हातून चहाची बशी पडली, आणि ते स्वतःच पुटपुटले, "पडली." बाई म्हणाल्या, "बघा, येतं की!"

मग परीक्षेचा दिवस उगवला आणि पंतांनी निश्चय केला की, आज पडेल ते पडले लिहीन, मग हत्तीखाना तर हत्तीखाना. कागद आला. एकच रेघ: कोण्या शहरातील सायकलस्वार. पंतांनी पाहिली, ती थेट खाली येत होती. पंतांस घाम सुटला. पर्यवेक्षक बाईंनी पुसिले, "काका, पाणी हवंय का?" पंत बोलिले, "पाणी नको, धैर्य हवे." बाई म्हणाल्या, "ते बाहेर बॅगेत राहिलं असेल. आत काही आणता येत नाही." मग पंतांनी डोळे मिटून लिहिले की, रेघ पडली. छत कोसळले नाही. मग लिहिले, झपाट्याने पडली, आणि मग सातत्याने पडली, आणि मग पार रसातळास गेली, आणि अठरा पिढ्यांचे तुंबलेले पडणे त्या एका कागदावर वाहून गेले. पंत बाहेर आले ते "मास्तर, पाडली!" ऐसे ओरडतच. मास्तरांनी पेढे वाटले आणि तिकडे समुद्रापार सुलक्षणाबाईंनी पंतांसाठी दुसरी उशी घेतली.

निकाल आला. गुण तीन. पंतांनी तो उजवीकडूनही वाचून पाहिला, तरी तीनच. मास्तर चक्रावले आणि म्हणाले, "ती रेघ काढून दाखवा बरं." पंतांनी खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या टोकापासून, वरून खाली, डावीकडे ओढीत आणिली. मास्तर हळूच बोलिले, "पंत, सायकली वाढत होत्या हो." पंत म्हणाले, "मग माझे धैर्य?" मास्तर म्हणाले, "ते बरोबर होतं. रेघ चुकली."

एकूण मजकूर इतका की, सुलक्षणाबाई नोकरी सोडून उशीसह परतल्या, दरबारात गेल्या आणि सगळे आलेख महाराजांसमोर डावीकडून वाचिले. महाराजांनी शांतपणे ऐकिले आणि पुसिले, "या साली तरी काही वाढले काय?" शोध घेता आढळले की, जन्म आणि मृत्यू बरोबरीस सुटले होते, टिल्लू मास्तरांच्या क्लासात एकही पास जाहला नव्हता, सबब कोणी गेले नव्हते. प्रजा एकाने वाढली होती.