अधिक गंभीर रुग्णासाठी राखीव

खिंडीपलीकडच्या आरोग्यकेंद्राला संपूर्ण हिवाळ्यात औषधांचा तुटवडा एकदाही जाणवला नाही, असे खात्याचा वार्षिक अहवाल सांगतो. विधान अक्षरशः खरे आहे. तुटवडा जाणवण्यासाठी आधी औषध वाटावे लागते, आणि तो अविचार केंद्राच्या भांडारपालांनी एकदाही केला नव्हता.

बर्फ पडला की खिंड बंद होई. ती उघडेपर्यंत वर ना गाडी येई, ना निरोप. वीज तर तशीही नव्हती. शेवटच्या ट्रकने जे आणले त्यावर सगळा हिवाळा काढायचा. ही जबाबदारी भांडारपालांनी इतकी मनावर घेतली, की साठा रुग्णांसाठी असतो ही गोष्ट त्यांच्या मनातून साफ उतरली. केंद्रात परिचारिका एकटीच. डॉक्टरचे पद मंजूर होते, डॉक्टर नव्हता. त्यात भांडारपाल तिचे थोरले दीर, त्यामुळे त्यांच्यापुढे आवाज चढवण्याचीही सोय नव्हती.

हिवाळा लागतो न लागतो तोच लाकूडतोड्याचा पाय कुऱ्हाडीने फाटला. तिने पट्ट्या आणि जंतुनाशक मागितले. भांडारपालांनी चष्मा लावून जखम सावकाश न्याहाळली.

"बरी आहे की," ते म्हणाले. "आत्ता यालाच देऊन बसलो आणि उद्या याहून गंभीर कुणी आला, तर त्याला काय रिकामी पेटी दाखवू?"

"पण भावोजी, आज तर हाच आलाय ना."

"इथेच तुझं चुकतं. तू आलेल्या माणसाकडे बघतेस. मला न आलेल्याकडे बघावं लागतं."

या न आलेल्या रुग्णाने मग केंद्राचा ताबाच घेतला. त्याच्यापुढे मेंढपाळाचा ताप किरकोळ ठरला आणि सुताराच्या बायकोचा खोकला निव्वळ हौस. शेवटी खाणीवरचा म्हातारा पहारेकरी न्यूमोनियाने अर्धमेला होऊन झोळीतून आला, तेव्हा भांडारपालांनी खेदाने मान हलवली. हा गंभीर होता खरा, पण इतका, की याच्यावर औषध वाया जाण्याचीच भीती अधिक. फार लवकर आणि फार उशीर यांच्यामध्ये औषध देण्याजोगी एखादी वेळ असते, असे खात्याच्या कोणत्याही नियमात म्हटलेले नव्हते.

म्हातारा जगणार की नाही हे आता भावोजींच्या कमरेच्या किल्लीवर होते. परिचारिका उठली आणि तडक जावेच्या स्वयंपाकघरात गेली. जाऊ भांडी विसळत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि हात पुसले.

"जेवून घोरायला लागले की अंगावर छप्पर पडलं तरी कळायचं नाही त्यांना," ती म्हणाली. "किल्ली मी आणते. पण रोज पेट्या हलवून बघतात हो. माझ्याशी दोन शब्द बोलायला फुरसत नाही, आणि त्या पेट्या मात्र कानाशी धरतात."

तेव्हा गोळ्यांच्या जागी सुके वाटाणे गेले, पट्ट्यांच्या जागी जुन्या चादरीच्या घड्या, आणि अलगद उकललेली सील खळीने पुन्हा जागच्या जागी बसली. म्हातारा उठून बसला. लाकूडतोड्याचा चिघळलेला पाय भरून आला. भांडारपाल रोज संध्याकाळी पेट्यांचा खुळखुळाट तृप्त मनाने ऐकत आणि बऱ्या झालेल्या माणसांकडे बोट दाखवून भावजयीला तिच्या उतावळेपणाची जाणीव करून देत. पुढे जावेचाच हात उकळत्या पाण्याने भाजला. तो चोरीच्या मलमाने बरा झाला, आणि नवऱ्याने त्याचे श्रेय इथल्या हवेला दिले.

"हवाच म्हणायची," जाऊ म्हणाली आणि पदराआड हसली.

खिंड उघडली तसे वरिष्ठ अधिकारी तपासणीला आले. त्यांनी सील पाहिली, पेट्या मोजल्या. उघडली एकही नाही, कारण उघडलेली पेटी खात्याच्या लेखी वापरलेली पेटी असते. माणसे ठणठणीत, साठा शाबूत. यातून विचारी माणसाला एकच निष्कर्ष काढता येतो आणि साहेबांनी तो काढला: इथल्या लोकांना औषध लागत नाही. भांडारपालांना मानपत्र मिळाले आणि पाठोपाठ आदेश निघाला, की येत्या हिवाळ्यासाठी नवा साठा पाठवण्याचे कारण नाही. आहे तोच पुरेसा आहे.

आहे तो साठा म्हणजे काय, हे जगात दोघीच जाणत होत्या. येणारा सबंध हिवाळा वाटाण्यांवर काढायचा होता. परिचारिका साहेबांपुढे जाऊन उभी राहिली आणि पेट्यांत औषध नसल्याचे तिने सांगितले. शेजारच्या खुर्चीत भावोजी मांडीवर मानपत्र घेऊन बसले होते. साहेबांनी तिची समजूत घातली.

"बाई, अहवाल वर गेलाय. पेट्या भरलेल्या आहेत."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने हाताशी लागली ती पेटी उचलली, कात्रीने सील कापले आणि पेटी टेबलावर उपडी केली. वाटाणे आदेशावरून घरंगळत साहेबांच्या मांडीपर्यंत पोहोचले. भावोजींनी त्यातला एक चिमटीत धरला आणि सवयीने कानाशी नेला.

मग साहेबांनी चौकशी सुरू केली. तिला ताकीद दिली, की शब्दन्‌शब्द नोंदला जाईल, तेव्हा जपून बोला. दारात जाऊ येऊन उभी होती. परिचारिकेने तिच्याकडे पाहण्याचे टाळले. जबाब खात्याच्या दप्तरी आहे, तो जसाच्या तसा असा:

"सगळी औषधं मी एकटीनं चोरली, साहेब. भावोजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सबंध हिवाळा इमानेइतबारे वाटाणे राखले. येत्या हिवाळ्यातही मी चोरी करणार आहे, तेव्हा साठा पुरता पाठवा. आणि मलम जरा जास्त."